एक दिवस जंगलाच्या कलाने

पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत ‘सफारी’ या शब्दाचा अर्थ ‘प्रवास’ एवढाच आहे. हा शब्द अरबी भाषेतून तेथे गेला. त्याच मुळापासून आलेला ‘सफर’ हा शब्द मराठी माणसालाही परका नाही. स्वाहिली बोलणारा शेतकरी किंवा व्यापारी कामासाठी दुसऱ्या गावी निघाला, तरी तो सफारीलाच निघालेला असतो. त्यासाठी वाटेत सिंह दिसावा लागत नाही. आज जगभर मात्र या शब्दाला निराळाच अर्थ चिकटला आहे. उघड्या छताची जीप, गळ्यात कॅमेरे अडकवलेले प्रवासी आणि समोर गवतात पहुडलेला सिंह, असे चित्र ‘सफारी’ म्हणताच डोळ्यांपुढे उभे राहते. शब्दातला प्रवास मागे पडला आणि पाहायच्या प्राण्यांची यादी पुढे आली.

या यादीविषयी, आणि तिच्यामागे धावताना जे हातचे निसटते त्याविषयी, थोडा विचार करणे आवश्यक आहे. आफ्रिकेचे वन्यजीवन पाहायला जाणाऱ्याने आपल्या सहलीतला निदान एक दिवस मोकळा ठेवावा. त्या दिवशी कोठे जायचे, किती वेळ थांबायचे आणि काय पाहायचे हे आधी ठरवू नये, असे माझे मत आहे. हा केवळ प्रवाशाच्या आनंदाचा प्रश्न नाही. त्याच्या घाईची किंमत पुष्कळदा रानातल्या प्राण्यांना मोजावी लागते, आणि म्हणूनच या विषयाकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे.

प्रथम नेहमीच्या सहलीचे वेळापत्रक कसे असते ते पाहू. केनियाच्या सहा-सात दिवसांच्या सहलीत तीन-चार ठिकाणे सहज गोवलेली असतात. नैरोबीहून अंबोसेली, तेथून नाकुरू सरोवर, तेथून मसाई मारा आणि पुन्हा नैरोबी. नैरोबी ते मसाई मारा हा एकच टप्पा मोटारीने पाच-सहा तासांचा आहे. म्हणजे एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी जाण्यातच निम्मा दिवस रस्त्यावर जातो. उरलेल्या वेळात पहाटेची एक फेरी आणि दुपारनंतरची एक फेरी. या दोन फेऱ्यांत सिंह दिसला पाहिजे, बिबट्या दिसला पाहिजे, गेंडा दिसला पाहिजे. प्रवासी मनातल्या मनात एकेका नावापुढे खूण करीत जातो. एखादे नाव राहून गेले, तर आपली सहल अपुरी राहिली असे त्याला वाटते.

ही यादी आली कोठून, हे जाणून घेण्यासारखे आहे. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकी रानरेडा या पाच प्राण्यांना ‘बिग फाइव्ह’ म्हणजे ‘पाच मोठे’ असे म्हटले जाते. हे नाव ठेवले ते शिकाऱ्यांनी. पायी चालत जाऊन शिकार करताना जे पाच प्राणी सर्वांत धोकादायक ठरत, त्यांची ही नावे होत. त्या काळी सफारी म्हणजे बंदुका, तंबू आणि ओझी वाहणाऱ्या शेकडो हमालांचा तांडा असे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये अशाच एका मोहिमेवर मोंबासा बंदरात उतरले. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून त्या मोहिमेत पाचशेहून अधिक प्राणी मारले. पुढे काळ पालटला. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, ही निश्चितच समाधानाची गोष्ट आहे. परंतु शिकाऱ्याची यादी मात्र जशीच्या तशी राहिली. त्या यादीत उंच मानेचा जिराफ नाही, वाऱ्यासारखा धावणारा चित्ता नाही, नदीत डुंबणारा पाणघोडा नाही. शिकाऱ्याने आपल्या जिवाच्या भयाने जे माप ठरवले, त्याच मापाने आजचा निःशस्त्र प्रवासी जंगल मोजतो, ही विसंगती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. जंगलालाही स्वतःचे वेळापत्रक असते, पण ते घड्याळावर चालत नाही. सिंह दिवसाचे वीस तासांपर्यंत नुसता पडून असतो. त्याची शिकार बहुधा रात्री किंवा अंधूक उजेडात चालते. चित्त्याचे याच्या उलट आहे. सिंह आणि तरस यांच्याशी तो बळात बरोबरी करू शकत नाही. म्हणून ते विसावलेले असताना, दिवसाउजेडी तो शिकारीला निघतो. त्याचा पाठलाग बहुधा एका मिनिटाच्या आतच संपतो. त्यानंतर तो इतका थकलेला असतो, की मारलेले भक्ष्य खाण्यापूर्वीही त्याला धापा टाकीत थांबावे लागते. तेवढ्यात तरस आले, तर तोंडचा घास टाकून त्याला निघून जावे लागते. बिबट्या आपली शिकार झाडावर ओढून नेतो आणि तासन्‌तास फांद्यांत निश्चल पडून राहतो. यांपैकी कोणाचीही वेळ प्रवाशाच्या न्याहारीशी जुळवून घेतलेली नसते.

प्राण्यांच्या मोठ्या स्थलांतराचेही असेच आहे. टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,७६० चौरस किलोमीटर आहे. त्याला लागूनच सीमेपलीकडे केनियातील मसाई मारा हे सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र आहे. दोन देशांच्या या सीमेवर कुंपण नाही. लक्षावधी विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत झेब्रे दरवर्षी या विस्तीर्ण प्रदेशात फिरत असतात. जानेवारी ते मार्च या काळात ते सेरेंगेटीच्या दक्षिणेकडील आखूड गवताच्या माळावर असतात. तेथे थोड्याच आठवड्यांत लाखो पिल्ले जन्माला येतात. जुलै ते ऑक्टोबर या काळात कळप उत्तरेला, मारा नदीच्या आसपास येतात. हा क्रम ढोबळ आहे. पाऊस कोठे पडला आणि गवत कोठे उगवले, यावर कळपांची वाट ठरते. कळप नदीच्या काठावर येऊन ठेपला, तरी तो नदी ओलांडेलच असे नाही. हजारो प्राणी काठावर तासन्‌तास उभे राहतात, पुढे सरतात, बिचकतात आणि पुष्कळदा माघारी फिरतात. एखादा प्राणी पाण्यात उडी घेतो आणि मग त्याच्यामागे सगळा लोंढा कोसळतो. ते दृश्य पाहायला ‘दुपारी तीन ते चार’ अशी वेळ कोण नेमून देणार?

म्हणून मोकळ्या दिवसाचे महत्त्व. मोकळा दिवस म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. मसाई मारामध्ये आपल्यापाशी असा एक दिवस आहे, असे समजू. आदल्या संध्याकाळीच आपण चालकाला सांगून ठेवलेले असते, की उद्या आम्हाला कोणताही विशिष्ट प्राणी पाहायचा नाही. दुपारचे जेवण सोबत घेऊ आणि संध्याकाळपर्यंत बाहेरच राहू. पहाटे अंधारातच चहा होतो. चहाला तेथे ‘चाय’ म्हणतात, दुकानाला ‘दुका’ आणि मोटारीला ‘गारी’. हिंदी महासागरावरून शतकानुशतके चाललेल्या देवघेवीची ही खूण आहे. सूर्य उगवता उगवता गाडी निघते.

थोड्या अंतरावर रानरेड्यांचा कळप चरताना दिसतो. घाईची फेरी असती, तर एक छायाचित्र घेऊन गाडी पुढे गेली असती. आज आपण थांबतो आणि चालक इंजिन बंद करतो. पहिल्या काही मिनिटांत विशेष काही दिसत नाही. मग हळूहळू डोळे स्थिरावतात. रेड्यांच्या पाठीवर चोची मारणारे लहान पक्षी दिसू लागतात. ते त्यांच्या अंगावरच्या गोचिडी वेचून खात असतात, आणि संकटाची चाहूल लागताच ओरडून उडतात. जमिनीवर एक शेणकिडा शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकलीत, उलट चालत निघालेला असतो. हा गोळा तो मातीत पुरतो. त्यामुळे जमिनीला खत मिळते आणि त्याच जमिनीतून उगवलेले गवत उद्या हे रेडे खाणार असतात. ज्या व्यवस्थेवर पाच मोठ्यांचे मोठेपण उभे आहे, तिचा पाया असा बोटभर आकाराचा आहे.

थोड्या वेळाने दूरवरचे इंपाला हरणांचे टोळके एकाएकी चरायचे थांबते. साऱ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात. चालक काही न बोलता दुर्बीण डोळ्यांना लावतो. आपल्याकडील जंगलात चितळ किंवा वानर ओरडले, म्हणजे वाघ जवळ आहे असे जाणकार सांगतात. तेथेही जंगल असेच बोलत असते. गिधाडे घिरट्या घालीत एकाच जागी उतरू लागली, तर तेथे कोणी तरी मरून पडले आहे हे कळते. या खुणा वाचण्यात जो आनंद आहे, तो कोणी आयता दाखवलेला सिंह पाहण्यात नाही. वाचता येऊ लागलेल्या माणसाला रस्त्यावरच्या पाट्या प्रथमच बोलक्या वाटू लागतात, त्या आनंदाशीच याची तुलना करता येईल.

दुपारी एका झाडाच्या सावलीत सिंहांचा कळप झोपलेला असतो. एकामागून एक गाड्या येतात, दहा मिनिटे थांबतात आणि ‘सिंह झोपले आहेत’ असे म्हणत निघून जातात. आपण मात्र पुरेसे अंतर राखून थांबतो. चारच्या सुमारास उन्हाचा ताव कमी होतो. एक सिंहीण जांभई देते. पिल्ले तिच्या शेपटीशी खेळू लागतात. मोठी जनावरे उठतात, एकमेकांना डोकी घासतात आणि मग एकेक करून गवतात दिसेनाशी होतात. शिकार पाहायला मिळतेच असे नाही, कारण संध्याकाळी आपल्याला परतायचे असते. तरी सकाळी दहा मिनिटे थांबलेल्या प्रवाशाने सिंह पाहिला आणि आपण सिंहाचा दिवस पाहिला, हा फरक राहतोच.

असा दिवस केवळ मसाई मारामध्येच घालवता येतो असे नाही. नामिबियातील एटोशा राष्ट्रीय उद्यानात ओकाउकुएयो नावाचा मुक्काम आहे. तेथील पाणवठ्यावर रात्रीही दिवे लावलेले असतात आणि प्रवाशांना कठड्याअलीकडच्या बाकांवर शांतपणे बसून राहता येते. कोरड्या ऋतूत पाणी मोजक्याच ठिकाणी उरते. त्यामुळे प्राण्यांच्या मागे धावावे लागत नाही. हत्ती, जिराफ आणि गेंडे आपापल्या वेळी स्वतःहून पाण्यावर येतात. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९२६ मध्ये झाली. तेथे सामान्य माणूस स्वतःची मोटार घेऊन फिरू शकतो आणि वाटेल तेथे वाटेल तितका वेळ थांबू शकतो. झांबियाच्या लुआंग्वा खोऱ्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर नॉर्मन कार यांनी पायी सफारीची प्रथा रुजवली. सशस्त्र रक्षकामागून एका रांगेत चालताना माणसाचा वेग आपोआपच जंगलाच्या वेगाशी जुळतो.

घाईने प्रवाशाचे नुकसान होते हे खरे; पण प्राण्यांचे नुकसान त्याहून मोठे आहे. गाड्यांमध्ये एकमेकांशी बोलण्यासाठी बिनतारी यंत्रे असतात. एका चालकाला बिबट्या दिसला, की ती वार्ता सगळीकडे पसरते आणि थोड्याच वेळात गाड्यांचा गराडा पडतो. मसाई मारामध्ये एका प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या असाव्यात असा नियम आहे. परंतु गर्दीच्या दिवसांत तो सर्रास मोडला जातो. याचे परिणाम किती खोल असू शकतात, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवून दिले. मसाई मारा परिसरातील चित्त्यांच्या माद्यांचा तो अभ्यास होता. जेथे पर्यटक थोडे होते, तेथे एका मादीची सरासरी दोनहून अधिक पिल्ले मोठी होऊन स्वतंत्र झाली. जेथे पर्यटकांची गर्दी होती, तेथे हे प्रमाण पाच माद्यांमागे जेमतेम एक पिल्लू इतके घसरले. गाड्यांच्या वर्दळीने शिकार हुकणे, आई आणि पिल्ले यांची ताटातूट होणे, भक्ष्य सोडून निघून जावे लागणे हे सारे चित्त्याच्या बाबतीत संभवते. भारतात २०२२ मध्ये नामिबियाहून आणि २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून चित्ते आणून कुनोच्या जंगलात सोडण्यात आले. एकेक पिल्लू जगवणे किती अवघड असते, हे त्यामुळे आपल्यालाही ठाऊक झाले आहे. कोणाच्या तरी यादीत एक खूण वाढावी म्हणून ते पिल्लू गमवावे लागणे, हा कोणता व्यवहार?

२०२५ च्या जुलै महिन्यात उत्तर सेरेंगेटीतील एक चित्रफीत जगभर पाहिली गेली. नदी ओलांडणारे विल्डबीस्ट जवळून दिसावेत म्हणून पर्यटक गाड्यांतून उतरून थेट काठावर उभे राहिले होते, आणि त्यामुळे प्राण्यांचीच वाट अडली होती. हे परदेशातच घडते, असे समजून निश्चिंत होण्याचे कारण नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडून धरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. आफ्रिका असो की विदर्भ, ‘मला आत्ताच दिसले पाहिजे’ ही वृत्ती एकच आहे.

यावर काही आक्षेप घेतले जातील आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप खर्चाचा. भारतातून आफ्रिकेला जाणे ही साधी गोष्ट नाही. अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे पैसे साठवून असा प्रवास आयुष्यात एकदाच करतात. २०२४ मध्ये मसाई मारामधील परदेशी प्रौढ पर्यटकांचे प्रवेशशुल्क वर्षाच्या पूर्वार्धात दिवसाला १०० डॉलर आणि उत्तरार्धात २०० डॉलर असे ठरवण्यात आले. एवढे पैसे मोजल्यावर दिवसाचा क्षण न्‌ क्षण वसूल करावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण वसूल करणे म्हणजे काय, याचा विचार व्हायला हवा. चार ठिकाणांऐवजी दोनच ठिकाणे निवडली, तर रस्त्यावर जाणारा वेळ वाचतो आणि तोच मोकळ्या दिवसाच्या कामी येतो. त्यासाठी वेगळा खर्च करावाच लागतो असे नाही. ताटात पंचवीस पदार्थ वाढले म्हणून जेवण चांगले झाले, असे आपण कधी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप असा, की दिवसभर थांबूनही काहीच दिसले नाही तर? हा धोका आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु धावाधाव करणाऱ्यालाही प्राणी दिसण्याची हमी कोणी देत नाही. शिवाय मी सगळेच दिवस मोकळे ठेवा असे म्हणत नाही. सहा दिवसांपैकी पाच दिवस ठरल्याप्रमाणे जावेत, एक दिवस जंगलाच्या हाती द्यावा. सोबत वृद्ध माणसे किंवा लहान मुले असतील, तर त्यांच्या सोयीने तो अर्ध्या दिवसाचाही असू शकेल.

तिसरा आक्षेप शिस्तीचा. वेळापत्रक नसले, की मनमानी सुरू होते असे काहींना वाटते. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मोकळा दिवस म्हणजे नियमांतून मिळालेली सुटी नव्हे. क्रूगरमध्ये डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेगाने गाडी चालवता येत नाही, नेमलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरता येत नाही आणि दरवाजे बंद होण्यापूर्वी मुक्कामावर पोहोचावेच लागते. हे नियम प्राण्यांच्या तसेच माणसांच्या रक्षणासाठी आहेत. किंबहुना असे म्हणता येईल, की नियम मोडण्याचा मोह घाईतल्या माणसालाच अधिक होतो. ज्याला पाच मिनिटांत सिंहाचे छायाचित्र हवे असते, तोच चालकाला ‘आणखी जवळ घे’ असे म्हणतो. ज्याच्यापाशी वेळ आहे, त्याला जवळ जाण्याची गरज पडत नाही. प्राणी कधी कधी आपण होऊन जवळ येतो.

या सगळ्यात चालकाचा आणि वाटाड्याचा विचार फारसा होत नाही. बहुधा एकच माणूस ही दोन्ही कामे करीत असतो. तो आपल्या आधी उठतो आणि आपल्या नंतर झोपतो. प्रवासी खूश झाला, तर त्याला बक्षिसी मिळते. आणि प्रवासी यादीवर खूश होतो, हे तो अनुभवाने शिकलेला असतो. म्हणून तो गाडी पळवतो. वास्तविक त्याचे ज्ञान यादीपेक्षा कितीतरी मोठे असते. केनियात वाटाड्यांसाठी कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तीन पातळ्यांच्या परीक्षा आहेत. पक्षी, झाडे, माग, प्राण्यांच्या सवयी या सर्वांचा अभ्यास त्यांना करावा लागतो. त्यांतील पुष्कळांनी पहिले धडे मात्र लहानपणी गुरे राखताना माळरानावरच गिरवलेले असतात. ‘आज आम्हाला घाई नाही’ असे प्रवाशाने म्हटले, की हा माणूस चालकाचा शिक्षक होतो. त्याच्या ज्ञानाला मान देण्याचा याहून चांगला मार्ग नाही. त्यालाही विश्रांती लागते, हे मात्र अशा वेळी विसरता कामा नये. आपला मोकळा दिवस त्याच्यासाठी पंधरा तासांची वेठ ठरू नये.

याच भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मसाई लोकांचाही येथे उल्लेख करायला हवा. १९५९ मध्ये त्यांना सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान सोडून शेजारच्या ङ्‌गोरोंगोरो भागात जावे लागले. पर्यटकाला जे निर्मनुष्य रान वाटते, त्यातून माणसे हलवलेली आहेत याची जाणीव ठेवली पाहिजे. अलीकडच्या काळात मसाई मारासभोवती निराळा प्रयोग चालू आहे. मसाई जमीनमालक आपल्या जमिनी एकत्र करून वन्यजीवांसाठी भाडेपट्ट्याने देतात, त्यांना नियमित भाडे मिळते आणि ठरलेल्या नियमांनी गुरांनाही तेथे चारता येते. अशा क्षेत्रांत गाड्यांची संख्या मर्यादित असते. तेथे गराडा पडत नाही, म्हणून थांबून पाहणे सोपे जाते. असा मुक्काम महाग पडतो, हे खरे. पण जेथे जमिनीच्या मालकाला आणि प्राण्याला दोघांनाही जागा आहे, तेथे दिलेला पैसा अधिक सत्कारणी लागतो.

स्वाहिलीत एक म्हण आहे: ‘हराका हराका हैना बराका’. घाई-घाईत बरकत नसते, असा तिचा अर्थ आहे. तिच्यातला ‘बराका’ आणि आपली ‘बरकत’ हे शब्दही सफारी आणि सफर यांच्याप्रमाणे एकाच घरचे आहेत. आपल्या घाटरस्त्यांवर ‘अति घाई संकटात नेई’ अशी पाटी असते. ती वाचून गाडीचा वेग आपण कमी करतो; पण पाहण्याचा वेग कमी करण्याची आठवण देणारी पाटी कोठेच नसते. ती प्रत्येकाने आपल्या मनातच लावून घ्यायची असते.

आफ्रिकेला जाण्याचा योग सर्वांनाच येईल असे नाही. परंतु ताडोबा, पेंच, कान्हा किंवा गावाबाहेरचा एखादा तलाव प्रत्येकाच्या आटोक्यात आहे. तेथेही एक सकाळ कोणतीही यादी न करता घालवून पाहावी. मुक्कामावर परतल्यावर ‘काय काय पाहिले?’ असे कोणी विचारले, तर सांगायला मोठी नावे कदाचित नसतील. पण एका पाणवठ्यावर कोण आधी आले, कोण बिचकून मागे फिरले आणि कोणाला कोणी वाट करून दिली, हे मात्र सांगता येईल. जंगल पाहून आलेल्या माणसाने सांगावे, ते हेच.